पाण्याचा दिवस कुठला?

('एडीडी आणि विसरणं' या विषयावर सोलापुरातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

या व्याख्यानासाठी संयोजकांनी मला चार फोन केले. पहिला पंधरा दिवसांपूर्वी, दुसरा परवा, तिसरा आज सकाळी आणि चौथा पाच वाजता. "सर, घरातनं निघालात का?" विचारताना ते जरा अवघडले होते, मला राग येईल म्हणून. मला तर हायसं वाटलं. विषय समजून घेऊन वक्ता बोलावणारी माणसं कमी भेटतात.

मी मानसशास्त्र शिकवतो, सत्तावीस वर्षं झाली. त्यातली पहिली अठरा वर्षं मी 'स्मृती' हे प्रकरण फळ्यावर छान आकृत्या काढून शिकवत होतो आणि स्कूटरची किल्ली स्कूटरलाच ठेवून वर्गात येत होतो. शिपाईमामा तास चालू असताना दारात उभे राहून ती किल्ली हलवून दाखवायचे. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी एका मानसोपचारतज्ज्ञांनी तीन भेटींनंतर सांगितलं की हे एडीडी आहे. मी म्हटलं, अहो, ते तर लहान मुलांना असतं. तेव्हा ते म्हणाले, ती मुलं पुढं कुठं जातात असं तुम्हाला वाटतं?

नावाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात गोंधळ फार आहे. एडीडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर. अमेरिकेतल्या मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात हे नाव १९८० साली आलं. १९८७ मध्ये त्यात अतिचंचलता जोडून एडीएचडी झालं. १९९४ पासून त्याचे तीन प्रकार धरतात, आणि जी माणसं उड्या मारत नाहीत, नुसती हरवलेली असतात, त्यांच्यासाठी लोक अजून एडीडी हाच शब्द वापरतात. मीही वापरणार. २०१३ च्या आवृत्तीत मोठ्या माणसांसाठी निकष ठरले. अवधानाच्या नऊ लक्षणांपैकी निदान पाच हवीत, आणि काही लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून दिसलेली हवीत. त्या नऊपैकी दोन आजच्या विषयाची आहेत : लागणाऱ्या वस्तू हरवणं आणि रोजच्या कामांत विसरणं.

मोठ्या माणसांत याचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास धरतात. इथं दीडशे माणसं बसली असतील, म्हणजे तीन-चार. आज विषय असा आहे की जास्तच असतील, आणि एक-दोघं यायचं विसरून घरी बसले असतील.

आता मुद्द्यावर येतो. घरच्यांची आमच्याबद्दल एक कायमची तक्रार असते. माझी बायको म्हणते, "अहो, तुम्हाला शाळेत असताना गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआं कुठं लागला होता ते आठवतं, आणि दही आणायचं आठवत नाही?" प्रश्न बिनतोड आहे. मला खरंच आठवतं. होम मैदानावर कुठल्या बाजूला पाळणे होते, मी कुणाचं बोट धरलं होतं, सगळं. म्हणजे कोठार शाबूत आहे. मग दही कुठं जातं?

बऱ्याचदा दही कोठारापर्यंत पोचतच नाही. मी किल्ली ठेवली तेव्हा कानाला फोन होता, डोक्यात उद्याचा तास होता आणि हात आपला किल्ली कुठंतरी ठेवून मोकळा झाला. त्या क्षणाची नोंदच झाली नाही. मग रात्री घरचे म्हणतात, "नीट आठव, शांत बस आणि आठव." जे लिहिलंच नाही ते वाचायचं कसं? आमच्याकडं ज्याला विसरणं म्हणतात त्यातला मोठा वाटा असा न नोंदलेल्या गोष्टींचा असतो. म्हणून मूळ दुखणं अवधानाचं आणि बदनाम होते स्मरणशक्ती.

गोष्टी निसटायची दुसरी जागा म्हणजे कार्यकारी स्मृती. हातातलं काम होईपर्यंत चार गोष्टी डोक्यात धरून ठेवायची जी जागा असते, ती. १९५६ साली मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी एका वेळी डोक्यात मावणाऱ्या गोष्टींचा 'सात, दोन कमी-जास्त' असा आकडा मांडला, तो सगळ्यांना पाठ आहे. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो साधारण चारवर आणला. म्हणजे तुमचंही तबक काही फार मोठं नाही. आमचं जरा लहान, आणि मुख्य म्हणजे त्याला कडा नाहीत. नवी पेठेत जायचं, दही, शेंगाचटणी आणि इस्त्रीचे कपडे. वाटेत मित्र भेटतो. "कुठं चाललास बे?" एवढं विचारतो, आणि संपलं! तबक कलंडलं. घरी येतो तो पाव किलो शेंगाचटणी घेऊन, तीही मित्राला हवी होती म्हणून.

पण मला जास्त बोलायचंय ते तिसऱ्या प्रकाराबद्दल, कारण संसार त्यावर चालतो आणि शाळेत तो कुणी तपासत नाही. पुढं करायची गोष्ट योग्य वेळी आठवणं. 'पानिपत कधी झालं' ही मागची आठवण. 'गुरुवारी पाणी आहे' ही पुढची. आपल्याकडं पाण्याचा दिवस म्हणजे काय ते मी सोलापूरकरांना सांगायला नको. रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, कधी पहाटे येतं. मला पाण्याचा दिवस माहीत असतो. कुणी विचारलं तर मी बरोबर सांगतो. पण पाणी आलेलं असताना ते मला आपणहून आठवत नाही. आणि आठवून मोटर लावली, तर बंद करायचं आठवत नाही. टाकी भरून गल्लीत ओहोळ सुरू होतो, मग समोरच्या काकू गच्चीतनं ओरडतात, "ओ सर, टाकी!" आमच्या गल्लीत माझं नाव टाकीसर आहे. पोरांना वाटतं आडनाव आहे.

यातही दोन तऱ्हा असतात. 'काकू भेटल्या की त्यांचा डबा द्यायचा' यात निदान काकू दिसतात, त्या दिसल्या की डबा आठवण्याची आशा असते. 'वीस मिनिटांनी मोटर बंद करायची' यात काहीच दिसत नाही. वेळ आतून मोजावा लागतो, आणि एडीडीत ते घड्याळच नीट चालत नाही. रसेल बार्कली या अभ्यासकांनी याला वेळेचं आंधळेपण म्हटलंय. त्यांचं आणखी एक म्हणणं मला फार पटतं : काय करायचं हे या माणसांना कळत नाही असं नसतं, कळलेलं त्या-त्या वेळी हातून होत नाही. म्हणून आम्हाला उपदेश केला की आम्ही मान डोलावतो. प्रामाणिकपणे डोलावतो.

या सगळ्यानं माणसाचं काय होतं, हे पुस्तकात थोडं कमी लिहिलेलं असतं. माणूस खोटं बोलायला शिकतो. माझ्या अम्माच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या. मी दोन दिवस विसरलो. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "दुकान बंद होतं." बहीण शेजारी बसली होती. ती त्याच दुकानातनं नुकतीच आली होती. ती काही बोलली नाही, नुसतं बघितलं. गोळ्या विसरणारा मुलगा आणि गोळ्यांबद्दल खोटं बोलणारा मुलगा यांत फार फरक आहे, आणि मी पहिला लपवायला दुसरा झालो होतो. 'विसरलो' हे कारण आयुष्यात इतक्या वेळा वापरून झालेलं असतं की ते सांगायची लाज वाटते. निदानानंतर मी सगळ्यात आधी ही सवय सोडली. आता विसरलो की 'विसरलो' म्हणतो. शिव्या तेवढ्याच बसतात, पण एकदाच.

समोरच्याचंही ऐका. बायकोला वर्षानुवर्षं वाटत होतं की तिनं सांगितलेलं मी विसरतो कारण मला तिची किंमत नाही. माणूस विसरण्याचा अर्थ असाच लावतो. तिची चूक नव्हती. आणि बायकांना स्वतःलाच एडीडी असेल तर आणखी कठीण. घर चालवणं हे जवळजवळ सगळं पुढच्या आठवणींचं काम आहे : दूध, डबे, फी, सासऱ्यांची तपासणी, कुणाच्या घरचं बारसं. तिथं पुरुष विसरला तर 'विसरभोळा' म्हणून हसतात. बाई विसरली तर तिचं आईपण काढतात. अशा बायकांचं निदान उशिरा होतं, कित्येकींचं मुलाच्या तपासणीला गेल्यावर, मुलाची लक्षणं ऐकता ऐकता.

आता उपाय. माझे वडील, नायना, चादरीच्या कारखान्यात मागावर होते. शाळा सुटली की मी तिथं जाऊन कांड्या भरायचो. नायना मोर विणायचे. मला वाटायचं, कुठल्या ओळीला कुठला धागा उचलायचा हे सगळं यांच्या डोक्यात आहे. एकदा विचारलं, एवढं लक्षात कसं ठेवता? ते हसले आणि वर बोट केलं. मागाच्या डोक्यावर जकार्ड नावाचं यंत्र, आणि त्यावरनं फिरणारी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ. भोक असेल तिथला उभा धागा उचलायचा, नसेल तिथला नाही. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड. फ्रान्समधल्या लिआँच्या जकार्डनं १८०४ च्या सुमाराला काढलेली युक्ती. मोर नायनांच्या डोक्यात नव्हताच. तो पुठ्ठ्यावर होता, आणि तो पुठ्ठा घरी कपाटात नव्हता, जिथं धागा उचलायचा तिथंच टांगलेला होता.

हे 'तिथंच टांगलेलं' सगळ्यात महत्त्वाचं. आम्हाला लोक डायरी देतात. माझ्याकडं अकरा डायऱ्या आहेत, प्रत्येकीची पहिली चार पानं भरलेली. डायरी चांगलीच, पण ती बॅगेत असते आणि दही दुकानात. अम्माच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट मी आता स्कूटरच्या हँडलला रबरानं अडकवतो. माझी सकाळची गोळी चहाच्या डब्यात, डब्याच्या आत, कारण चहा मी विसरत नाही. आणि पाण्याच्या दिवशी मोटर लावली की बायको माझ्या गळ्यात एक लाल टॉवेल टाकते. सोलापुरी आहे, चांगला जाड. मोटर बंद होईपर्यंत काढायचा नाही. परवा मी तो घालून दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "सर, मोटर चालू आहे काय?" अख्ख्या गल्लीला आता कळतं.

मोबाइलच्या गजराबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. गजर वाजतो तेव्हा मी सात रस्त्याच्या सिग्नलला असतो. मी तो बंद करतो, आणि गजर बंद केल्यावर मेंदूला काम उरकल्यासारखं वाटतं. काम करता येईल अशा जागी आणि अशाच वेळी वाजणार असेल तर गजर लावा. आरशावरच्या चिठ्ठ्यांचंही तसंच. आठ दिवसांनी ती चिठ्ठी भिंतीचाच भाग होते, दिसत नाही. रंग बदला, जागा बदला. आणि 'आज गोळ्या आणीन' असं ठरवू नका. 'कॉलेजच्या फाटकातनं बाहेर पडलो की आधी डावीकडं दुकानात' असं ठरवा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी या 'अमुक झालं की तमुक' धर्तीच्या निश्चयांवर बरंच काम केलंय. मोघम निश्चयापेक्षा असा निश्चय जास्त पाळला जातो.

औषधांचं विचारणार आहात, म्हणून सांगून टाकतो. मिथाइलफेनिडेट, अ‍ॅटोमॉक्सेटिन ही औषधं आहेत, मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून लिहून द्यायची. ती स्मरणशक्तीचं टॉनिक नव्हेत. अवधान टिकलं की नोंद होते, नोंद झाली की आठवतं, इतकाच त्यांचा हात. मला उपयोग झाला. लाल टॉवेल तरीही लागतो.

आणि कृपा करून घरी जाऊन सगळ्यांना एडीडी ठरवू नका. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, यातल्या कशानंही माणूस विसरतो. एक प्रश्न विचारा : हे कधीपासून? माझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकावर 'हुशार, पण वह्या विसरतो' असं लिहिलंय. आयुष्यभर चोख असलेले काका साठीनंतर रोजच्या रस्त्यावर चुकू लागले, तर ती गोष्ट वेगळी, आणि तिथं डॉक्टरांकडं जायला उशीर करू नये. कुठं जायचं कळत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मागं बसलेल्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या घरीही माग होते. त्या विचारतात, "कार्डांची दोरी तुटली की मोराची मान वाकडी होते. मग तुमचं काय होतं?" उत्तम प्रश्न. होतं ना. दोरी तुटते ती सणासुदीला, पाहुणे आले की, प्रवासात. गड्ड्याच्या आठवड्यात माझी एकही गोष्ट ठरल्या जागी नसते, गोळी चहाच्या डब्यातच राहते, कारण चहा भाची करते. पहिल्या वर्षी मला वाटलं, झालं, सगळं फुकट गेलं. नायनांचं बघितलेलं होतं म्हणून सावरलो. दोरी तुटली की ते माग थांबवायचे, कार्डावर चिडायचे नाहीत, ओवणाऱ्यालाही बोलायचे नाहीत. "आतनं दाभण आण," एवढंच मला म्हणायचे. मी आत जायचो, आणि बऱ्याचदा भजं खात बाहेर यायचो.