एजंट कुणाचा?

(पुण्यातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण सध्या घर शोधताहेत, असं संयोजकांनी सांगितलं. कुणी मुलासाठी, कुणी तिसऱ्या मजल्यावरून लिफ्टच्या इमारतीत जायला. मी वकील आहे आणि माझं काम मिळकतीचे कागद तपासण्याचं. सर्च रिपोर्ट म्हणजे मालकीच्या मागच्या नोंदींचा तपास, साठेखत म्हणजे विक्रीआधीचा करार, आणि खरेदीखत. माझ्याकडे माणूस येतो तेव्हा घर ठरलेलं असतं, बहुतेक वेळा टोकनही, म्हणजे विसाराची रक्कमही, दिलेलं असतं. कागदात खोट असेल तर मी दाखवू शकतो. पण हाच फ्लॅट का आणि याच भावाला का, हे माझ्या टेबलापर्यंत येईस्तोवर कुणीतरी ठरवून टाकलेलं असतं. ते ठरवण्यात सगळ्यात मोठा हात एजंटचा असतो, म्हणून आज बोलायचंय त्याच्याविषयी.

घर घेणारा माणूस एजंट कसा निवडतो? खरं सांगायचं तर निवडतच नाही. पोर्टलवर फोटो बघतो, नंबर टाकतो आणि पाच मिनिटांत ज्याचा फोन येतो तो त्याचा एजंट होतो. पण तो फ्लॅट त्या एजंटकडे आला कुठून? मालकानं दिला म्हणून. मालकाशी त्याची ओळख आधीची आहे आणि शब्द त्यालाच दिलेला आहे. तुम्ही त्याच्यासाठी ‘पार्टी’ आहात. यात फसवणूक काही नाही, धंदा असाच चालतो. फक्त तो आपला माणूस आहे या समजुतीत राहून तुम्ही त्याला सांगता, ‘आमचं बजेट तसं ऐंशी आहे, पण फारच आवडलं तर पंच्याऐंशीपर्यंत ताणू.’ झालं, भाव तिथेच ठरला.

आता थोडा हिशेब करू. रिसेलमध्ये, म्हणजे आधीच्या मालकाकडून घर घेताना, आपल्याकडे साधारण एक टक्का घेणाऱ्याकडून आणि एक टक्का विकणाऱ्याकडून, असा रिवाज आहे. कुठे दोनही मागतात. ८० लाखांच्या फ्लॅटवर एकाच एजंटला दोन्हीकडून मिळून १,६०,००० रुपये मिळतात. समजा तुमच्यासाठी भांडून त्यानं भाव ७५ लाखांवर आणला. तुमचे ५ लाख वाचले आणि त्याचं उत्पन्न झालं १,५०,०००. म्हणजे तुमच्या पाच लाखांसाठी राबून वर त्याचे दहा हजार गेले. याच गणितानं भाव पाच लाखांनी चढवण्यातही त्याला विशेष रस नसतो. त्याला व्यवहार व्हायला हवा, आणि या महिन्यात व्हायला हवा. पुढच्या गल्लीतला जास्त चांगला फ्लॅट महिनाभरानं विक्रीला येणार आहे, हे त्याला माहीत असलं तरी तो तुम्हाला का सांगेल?

आमच्या धंद्यात एकाच दाव्यात वादी आणि प्रतिवादी दोघांचं वकीलपत्र घेता येत नाही. घराच्या व्यवहारात मात्र दोन्हीकडून घेणं ही पद्धतच मानली जाते.

नव्या प्रकल्पांत चित्र आणखी वेगळं आहे. तिथे एजंटला चॅनल पार्टनर म्हणतात आणि त्याचे पैसे बिल्डर देतो. टक्केवारी प्रकल्पागणिक बदलते, पण तीन टक्के धरले तरी ८० लाखांवर २,४०,००० होतात. तुम्ही त्याला म्हणालेले असता, ‘कर्वेनगरमध्ये रिसेलचा दोन बेडरूमचा बघा.’ तिथे त्याला तुमच्याकडून फार तर ८०,००० मिळणार. मग रविवारी गाडी पार पिंपरी-चिंचवडकडच्या रावेतमधल्या नव्या प्रकल्पाच्या सॅम्पल फ्लॅटसमोर का उभी राहते, हे वेगळं सांगायला नको. ‘सर, आमची सेवा तुम्हाला फुकट आहे’ असंही वर ऐकायला मिळतं. ते पैसे फ्लॅटच्या किमतीतूनच जातात.

आणि साइट ऑफिसमध्ये शिरताच जो फॉर्म भरून घेतात त्याकडे लक्ष द्या. तुमचा मोबाइल नंबर त्या चॅनल पार्टनरच्या नावावर चढतो. पुढचे काही आठवडे तुम्ही त्या प्रकल्पात कुणाहीबरोबर गेलात तरी नोंद आधीच्याच नावावर राहते. कधी कधी तर तुम्ही कुठे गेलेलेही नसता, नुसती फोनवर चौकशी केलेली असते, तरी तुमच्या नंबरची नोंद झालेली असते. म्हणून आपला एजंट ठरवायचा असेल तर तो पहिल्या साइट व्हिजिटच्या आधी ठरवा.

मग कायदा काय करतो? बरंच करतो, पण एका मर्यादेत. २०१६चा रेरा, म्हणजे बिल्डर आणि एजंटांवर लक्ष ठेवणारा कायदा आला आणि कलम ९ प्रमाणे एजंटला नोंदणी सक्तीची झाली. महारेरा म्हणजे त्या कायद्याखालचं आपल्या राज्याचं प्राधिकरण. त्याचा प्रकल्पाचा नंबर ‘पी’ अक्षरानं सुरू होतो, एजंटचा ‘ए’नं. नोंदणी न झालेल्या प्रकल्पातलं घर त्यानं विकायचं नाही आणि बुकिंगच्या वेळी तुम्हाला मिळायला हवी ती सगळी माहिती आणि कागद मिळवून द्यायला मदत करायची, हे कलम १० सांगतं. ते मोडलं तर दिवसाला १०,००० रुपये दंड, जो घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. २०२३ मध्ये महारेरानं पुढचं पाऊल टाकलं. एजंटला प्रशिक्षण आणि परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं. ज्यांनी ते घेतलं नाही अशा सुमारे २०,००० एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित झाली. तेव्हा ‘ए’ नंबर नुसता ऐकून घेऊ नका, महारेराच्या संकेतस्थळावर टाकून बघा. तो आज चालू आहे की नाही ते तिथे कळतं.

पण कलम ९ नीट वाचा. ते नोंदणीकृत प्रकल्पात, बिल्डर विकत असलेल्या घरांपुरतं आहे. कोथरूडमधल्या तीस वर्षं जुन्या सोसायटीतला फ्लॅट एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे जातो, तिथे मधल्या माणसाला या कायद्यानं नोंदणी लागत नाही. म्हणजे पुण्याच्या जुन्या भागात, जिथे बहुतेक व्यवहार रिसेलचे आहेत, तिथे तुमचं रक्षण करणारी गोष्ट एकच: तुम्ही कुणाला निवडलं आणि त्याच्याकडून काय लिहून घेतलं.

न्यू जर्सीत मुलगा-सून असलेल्या एका काकूंनी मघाशी चहाच्या वेळी विचारलं, ‘तिकडे म्हणे घेणाऱ्याचा एजंट वेगळा असतो?’ असतो. पण तिथेही कित्येक वर्षं त्याचे पैसे विकणाऱ्याच्या कमिशनमधूनच निघायचे. त्यावरून खटले झाले, ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅन्सस सिटीच्या ज्युरीनं एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेविरुद्ध निकाल दिला. मग ४१.८ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून नियम आला: एजंटबरोबर घर बघायला जाण्याआधी घेणाऱ्यानं त्याच्याशी लेखी करार करायचा आणि त्यात मोबदला स्पष्ट लिहायचा. आपल्याकडे अशी सक्ती नाही. पण असा करार करू नका असंही कुणी म्हटलेलं नाही. १८७२चा भारतीय करार कायदा आहेच, एजन्सीवर त्यात अख्खं प्रकरण आहे. तुम्ही त्याला तुमचा एजंट नेमलात की मागाल तेव्हा हिशेब देणं त्याच्यावर बंधनकारक होतं.

मग माणूस कसा निवडायचा? मोठं ऑफिस, कोट, टॅब्लेट, हे बाजूला ठेवा. ज्या दोन-तीन गल्ल्यांत घर हवंय, तिथलाच माणूस शोधा. बाणेर ते हडपसर सगळीकडे काम करतो म्हणणाऱ्याला कुठलाच भाग आतून माहीत नसतो. एरंडवणे, कोथरूड, कर्वेनगर इथे आज पुनर्विकासाचं वारं आहे. एखाद्या इमारतीत बिल्डर ठरलाय का, सभेत ठराव झालाय की नुसती चर्चा आहे, करार झाला असेल तर बिल्डरकडून मिळणारं भाडं आणि कॉर्पस, म्हणजे एकरकमी पैसे, जुन्या मालकाला की नव्या, यावर त्या फ्लॅटची किंमत लाखांनी हलते. हे पोर्टलवर मिळत नाही. शिवाय आपल्याकडे अनेक इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट आहेत, १९७०च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली. तिथे सोसायटीसारखं शेअर सर्टिफिकेट नसतं, डीड ऑफ अपार्टमेंट हा मालकीचा दस्त असतो. मालकाच्या नावे तो झालेलाच नाही, असं मी अनेकदा पाहिलंय. चांगल्या स्थानिक एजंटला हे जिन्यात पाऊल ठेवण्याआधी ठाऊक असतं. उन्हाळ्यात टँकर कुठे येतो, कुठल्या पार्किंगवरून भांडण चालू आहे, भोगवटा प्रमाणपत्र कुणाकडे नाही, हेही.

पारख करायची तर त्याला विचारा, ‘या रस्त्यावर गेल्या वर्षभरात कुठला फ्लॅट कितीला गेला?’ उत्तर लिहून घ्या. मग नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्या इमारतीची सूची दोन, म्हणजे इंडेक्स टू, काढा. त्यात दस्तातली किंमत आणि तारीख असते. जुळलं तर माणूस कामाचा. सगळाच व्यवहार दस्तात येतो असं नाही, हे आपल्याला माहीत आहे. तरी अंदाज येतोच. दुसरा प्रश्न, ‘तुमच्याकडचा कुठला फ्लॅट मी घेऊ नये?’ यावर जो गप्प बसतो तो विक्रेताच आहे.

पैसे टक्क्यात ठरवू नका, ठोक रक्कम ठरवा, म्हणजे भाव उतरला तरी त्याचं काही जात नाही. त्यातला थोडा भाग आधीच द्या, व्यवहार न झाला तरी परत न मागण्याच्या बोलीवर. पुणेकरांना हे जड जातं, हसू नका, मलाही जड गेलं असतं. पण शोधण्याचे, चार फ्लॅट नाकारण्याचे पैसे कुणी दिलेच नाहीत, तर तो पाचवा फ्लॅट तुमच्या गळ्यात मारणारच. बाकीची रक्कम खरेदीखताच्या नोंदणीच्या दिवशी, पावतीवर. एका पानावर हे सगळं लिहा: भाग कुठला, मुदत किती, रक्कम किती, आणि समोरच्या पार्टीकडून मी काही घेणार नाही, घेतलं तर आधी सांगेन. त्यावर सही करायला जो कां-कू करतो, त्याला तिथेच नमस्कार करा.

टोकन मात्र एजंटच्या हातात देऊ नका. ते थेट मालकाच्या खात्यावर, चेकनं, आणि लेखी विसार पावती घेऊन. नव्या प्रकल्पात दहा टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला घेता येत नाही, हे रेराचं कलम १३.

प्रश्न होता, एजंटनं समोरून पैसे घेतले हे कळणार कसं? सोपं आहे, मालकाला विचारा. बहुतेक मालक सांगतात, कारण त्यांनाही ते टोचलेलं असतं. साठेखतात ‘दोन्ही पक्षांनी दलालीपोटी कुणाला किती दिले’ असं एक कलम घालून मागा. मसुदा वाचताना कुणाचा चेहरा उतरतो ते पाहा.

दुसरा प्रश्न, एजंटच नको, थेट मालकाकडून घेतलं तर? जरूर घ्या, पण तो भाग तुम्हाला तितका माहीत असेल तरच. आणि वाचलेल्या पैशातला काही भाग वकिलावर खर्च करा. वकील म्हणून बोलतोय, त्यामुळे याकडेही थोडं संशयानं बघा. एक गोष्ट मात्र पहिल्याच भेटीत विचारा, मालक भारतात राहतात का? पुण्यात कितीतरी फ्लॅटांचे मालक परदेशात आहेत. मालक इथला रहिवासी असेल तर ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीवर घेणाऱ्यानं एक टक्का कर कापायचा असतो. मालक अनिवासी असेल तर कपात बरीच मोठी असते, आणि ती न केल्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. हे मालक सांगत नाही, त्याचा एजंट तर नाहीच नाही. टोकन देण्याआधी मालकाच्या निवासी दर्जाचं लेखी निवेदन घ्या, आणि तो परदेशात असेल तर सीएला दाखवल्याशिवाय एक रुपयाही पुढे सरकवू नका.