शिट्टीच्या आधीचं काम

महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं तर एम.पी.एड.ला (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) 55 टक्के गुण, नेट किंवा सेट ही अध्यापनाची पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. आणि स्वतः खेळल्याची प्रमाणपत्रं लागतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. क्षमता चाचणी मात्र बरेच जण शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2018 च्या नियमावलीप्रमाणे तिशीपर्यंतच्या पुरुषाला 12 मिनिटांत 1800 मीटर आणि स्त्रीला 8 मिनिटांत 1000 मीटर पुरं करावं लागतं. नेटच्या अभ्यासात वर्षभर बसून राहिलेल्या माणसाला तेवढंही जड जातं. नेमणूक झाली की वेतन लेव्हल 10, मूळ 57,700 रुपये. पुढची वेतनपायरी पीएच.डी. असेल तर 4 वर्षांनी, एम.फिल. असेल तर 5, दोन्ही नसेल तर 6 वर्षांनी.

रुजू झाल्यावर पहिला घाम मैदानावर नाही, टेबलावर गाळायचा असतो. एआययूच्या (भारतीय विद्यापीठ संघ) आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची अट 17 ते 25 अशी आहे. म्हणून प्रवेश सुरू असतानाच प्रत्येक खेळाडूची वेगळी फाइल उघडा. दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, यंदाच्या प्रवेशाची पावती, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), आधार हे सगळं तिच्यात असू द्या. दहावीच्या कागदावरचं आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळवून पाहा. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, लग्नानंतर मुलीचं आडनाव बदललेलं, मध्ये एक वर्ष गॅप, अशा गोष्टी जुलैत सापडल्या तर सुधारता येतात. स्पर्धेच्या कागदपत्र तपासणीत सापडल्या तर वर्षभर सराव केलेलं पोर बाकावर बसतं. त्याची चूक काहीच नसते. या व्यवसायात यापेक्षा वाईट दिवस नाही.

आता ट्रॅक. इथे जरा थांबू, कारण चूक फार ठिकाणी होते. पुस्तकात 400 मीटरच्या ट्रॅकला वळणाची त्रिज्या 36.50 मीटर आणि सरळ बाजू 84.39 मीटर दिलेली असते. हे माप आत उंच कर्ब (कडेची उठावदार किनार) असलेल्या ट्रॅकचं आहे. तिथे पहिली लेन कर्बपासून 30 सेंटिमीटर बाहेरून मोजतात. आपल्या मातीच्या मैदानावर कर्ब नसतो, नुसती फक्कीची रेघ असते, आणि रेघेपासून मोजणी 20 सेंटिमीटरवर होते. तरीही 36.50 नेच रेघ मारली की फेरी सुमारे 63 सेंटिमीटर कमी भरते. 1500 मीटरच्या शर्यतीत हाच फरक सव्वादोन मीटरच्या पुढे जातो, म्हणजे तुमच्या मुलाने नोंदवलेली वेळ खरी नसते. उपाय सोपा आहे: त्रिज्या 36.60 घ्या. मग लेनमध्येच धावायच्या 400 मीटरला दुसऱ्या लेनचा स्टॅगर (सुरुवातीची रेघ पुढे सरकवायचं अंतर) 7.04 नाही, 7.67 मीटर येतो. दोन्ही वळणांच्या केंद्रांवर लोखंडी खुंट्या सिमेंटमध्ये कायमच्या बसवा. मोजायला पोलादी टेप वापरा. कापडी टेप आणि सुतळी ताणली जाते आणि प्रत्येक लेनमध्ये थोडं थोडं चुकत जातं.

फेकीचे सेक्टर (फेक जिथे पडायला हवी ती पाचरीसारखी जागा) कोनमापकाने आखत बसू नका. गोळा आणि थाळीला वर्तुळाच्या केंद्रापासून 20 मीटरवर दोन्ही रेघांमध्ये 12 मीटर अंतर ठेवा. भाल्याला फेकरेषेच्या चापाच्या केंद्रापासून 40 मीटरवर 20 मीटर. कोन आपोआप बरोबर येतो. भालाफेक चालू असताना त्या बाजूला रिले लावू नका, आणि भाला परत आणायचा तो हातात धरून चालत. फेकून परत द्यायचा नाही, सरावातही नाही. इथे सवलत मागणाऱ्याला मैदानाबाहेर काढा. 5000 आणि 10,000 मीटर पहाटेच उरका. आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात दहानंतर लांब पल्ला पळवणं हा गुन्हाच आहे.

हिशेब दौऱ्यावरून परतल्याच्या आठवड्यातच द्या. बिलं थांबली की पुढची उचल थांबते, आणि पुढच्या संघाचं तिकीट अडतं. मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक ठरल्याशिवाय आरक्षणच करू नका.

उरलं निकालपत्रक. आपल्या राज्यात शासकीय नोकरीत गुणवंत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालक कार्यालयात होते. ती वेळ मुलगा कॉलेज सोडून कित्येक वर्षं झाल्यावर येते. तेव्हा संघाची यादी, निवड चाचणीचे आकडे आणि पंचांच्या सहीची मूळ पत्रकं तुमच्याच कपाटात शोधली जातात. म्हणून ती वर्षवार बांधून ठेवा, स्कॅन करून दुसरी प्रत ग्रंथालयात द्या, आणि बदली किंवा निवृत्तीच्या दिवशी पुढच्या माणसाकडून यादीवर सही घेऊनच किल्ली सोपवा.