नव्या लेखाची वर्दी

(पुण्यातील ब्लॉगलेखकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

ब्लॉगला वाचक मिळवून देणारी आणि तो टिकवणारी ‘फीड’ नावाची एक सोय तुमच्यापैकी बहुतेकांच्या ब्लॉगवर आजही चालू आहे आणि तिच्याकडे तुमचे लक्ष नाही, एवढेच सांगण्यासाठी मी उभा आहे. वर्डप्रेसवरील ब्लॉगच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहिले, की तुमचे ताजे लेख एका साध्या एक्सएमएल फाइलच्या रूपात समोर येतात. फीडरीडर, म्हणजे वाचकाने निवडलेल्या ब्लॉगांचे नवे लेख एका जागी दाखवणारे अ‍ॅप, ती फाइल ठरावीक वेळाने तपासतो आणि नवा लेख दिसताच वाचकापुढे ठेवतो. ही आरएसएस पद्धत नेटस्केपने १९९९ साली आणली. पॉडकास्ट आजही बहुतांशी तिच्यावरच चालतात. त्यामुळे ‘आरएसएस मेले’ असे सांगणाऱ्या माणसाच्या कानात त्या क्षणी बहुधा आरएसएसच वाजत असते.

आता माझी जुनी तक्रार. आपण नव्या लेखाची वर्दी कशी देतो? व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर लिंक टाकून. ती सकाळी टाकावी तर सुप्रभाताच्या फुलांखाली गाडली जाते, दुपारी एक ते चार टाकणे आपल्या शहराच्या परंपरेत बसत नाही आणि रात्री टाकावी तर सोसायटीतील टँकरच्या वादात ती सापडते. तरीही दहा-बारा अंगठे उमटतात आणि आपण सुखावतो. अंगठा आणि वाचन यांचा संबंध काय, हे मला एका लग्नाच्या पंगतीत कळले. माझ्या लेखाला आदल्याच दिवशी अंगठा देणारे एक स्नेही शेजारी बसले होते आणि मठ्ठ्याची वाटी खाली ठेवत त्यांनी अत्यंत आपुलकीने विचारले, “सध्या लिहिणे अगदीच बंद ठेवले आहे का?” फेसबुकवरही निराळे घडत नाही, पान फॉलो करणाऱ्या प्रत्येकाला प्रत्येक पोस्ट दिसत नाही, कोणाला काय दाखवायचे हे तिथले गणित ठरवते. फीडच्या बाबतीत वाचकाने तुमचा पत्ता स्वतः होऊन यादीत घातलेला असतो आणि तुमच्या दोघांमध्ये असा निवाडा करणारा कोणी बसलेला नसतो.

गूगल रीडर हा फीडरीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाला, तेव्हा पुष्कळांनी फीडचेच तेरावे घातले. वास्तविक वाचकांना आपली फीडची यादी ओपीएमएल या अशा याद्यांसाठीच्या फाइलमध्ये काढून दुसऱ्या रीडरमध्ये नेता येत होती आणि ब्लॉगलेखकाला त्यासाठी काहीच करावे लागले नाही. माझ्या मते फीडचे खरे सामर्थ्य हेच आहे: रीडर बुडाला तरी वाचक बुडत नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पुढच्या कार्यक्रमाची मंडळी दारात उभी आहेत, तेव्हा ज्यासाठी तुम्ही आलात तो कृतीचा भाग घाईने सांगतो. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ या पानावर फीडसाठी सारांश न निवडता पूर्ण मजकूर निवडावा. कोथरूडहून स्वारगेटला बसमध्ये उभ्याने जाणारा वाचक ‘पुढे वाचण्यासाठी टिचकी मारा’ या ओळीपाशी दुसऱ्या लेखाकडे वळतो. पूर्ण मजकुरामुळे ब्लॉगच्या भेटींचा आकडा घटेल, त्याने घाबरू नये. रीडरमध्येच झालेले वाचन त्या आकड्यात येत नाही.

फायरफॉक्स या ब्राउझरनेही आपली अंगभूत फीडची सोय २०१८ साली काढली, म्हणून फीडची लिंक ब्लॉगवर ठळक दिसेल अशी ठेवावी. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक वर्गवारीची स्वतंत्र फीड असते. पाककृतींच्या वाचकावर तुमचे राजकारण लादू नका. पत्ता बदललात तर जुन्या फीडवरून नव्या फीडकडे कायमची वळणवाट (रीडायरेक्ट) ठेवा, अन्यथा जमवलेले वाचक तिथेच थांबतील. रीडर न वापरणाऱ्यांना त्याच फीडवरून ईमेल पाठवणाऱ्या सेवा आहेत. मात्र सेवा बदलता यावी म्हणून वाचकांच्या पत्त्यांची यादी आपल्यापाशी उतरवून ठेवावी. वर्षातून दोनदाच लिहिणाऱ्यांनी तर फीड आधी तपासावी, कारण त्यांचा ब्लॉग रोज उघडून पाहण्याइतका चिकाटीचा माणूस पुण्यातही मिळणार नाही. प्रश्नोत्तरांना वेळ उरलेला नाही. फीड चालू आहे की नाही हे ज्यांना पाहून घ्यायचे असेल, त्यांनी फोन घेऊन बाहेर चहाच्या टेबलापाशी यावे.