आधी कान, मग कॅमेरा

मित्रहो, पक्ष्यांच्या छायाचित्रणावर व्याख्यान म्हटले की पडदा, प्रोजेक्टर आणि एकापाठोपाठ एक सरकणारी चित्रे हे सारे आलेच. आज मी यातले काहीही आणलेले नाही. चित्र समोर आले की आपण ते पाहतो, वाहवा म्हणतो आणि कान मिटून घेतो. आणि आज मला बोलायचे आहे ते कानाविषयीच. गाणारा पक्षी टिपण्याच्या निमित्ताने त्याचे गाणे अधिक नीट ऐकता येते, आणि ऐकणे जमू लागले की छायाचित्रही वेगळे येऊ लागते, असा माझा अनुभव आहे. मुंबईत हे शक्य आहे का, अशी शंका काहींच्या मनात असेल. तिचे उत्तर बोलण्याच्या ओघात मिळेल, अशी आशा आहे.

प्रथम हंगामाविषयी बोलतो, कारण आपल्याकडच्या बहुतेक छायाचित्रकारांचे वेळापत्रक गाण्याच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. पक्ष्यांच्या आवाजात हाक वेगळी आणि गाणे वेगळे. धोबी उडता उडता जे चिक-चिक करतो ती हाक. ती वर्षभर ऐकू येते आणि धोक्याची सूचना देणे, थव्यातल्या इतरांशी संपर्क ठेवणे अशी कामे करते. गाणे मात्र बहुधा नर गातो, विणीच्या काळात गातो आणि आपल्या हद्दीतल्या ठरलेल्या जागांवरून गातो. त्यातून मादीला आमंत्रण आणि दुसऱ्या नराला इशारा अशी दोन्ही कामे एकदमच होतात. दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्याच्या शरीरातली संप्रेरके बदलतात आणि गळा मोकळा होतो. म्हणून मुंबईत गाण्याचे खरे महिने फेब्रुवारीच्या अखेरीपासून पावसाच्या तोंडापर्यंतचे. हिवाळ्यात ऊन कोवळे असते, उत्तरेकडचे पाहुणे आलेले असतात आणि आपण सगळे मोठमोठ्या लेन्स घेऊन बाहेर पडतो. पण हे पाहुणे गातात ते आपल्या विणीच्या प्रदेशात, इथे बहुतेक नुसत्या हाका देतात. शिवडीच्या आणि ठाण्याच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंवर मुंबईकरांचा जीव आहे, आणि तो असावाच; परंतु त्यांचा आवाज म्हणजे बदकांच्या गलबल्याच्या जवळचा प्रकार, त्याला गाणे म्हणायला मी धजावणार नाही.

मुंबईचा खरा गवई दयाळ. काळा-पांढरा, बुलबुलाएवढा, शेपटी वारंवार उभारणारा हा पक्षी आपल्यापैकी प्रत्येकाच्या सोसायटीच्या आसपास असतो. मार्च-एप्रिलमध्ये तो झुंजूमुंजू होण्याआधीच सुरू होतो, आणि बसायला हमखास उंच, उघडी जागा निवडतो: पाण्याच्या टाकीचा कठडा, जुन्या अँटेनाचा दांडा किंवा वर्षावृक्षाची वाळलेली शेंड्याची फांदी. त्याचे गाणे सलग नसते. दोन-तीन सेकंदांची एक ओळ, मग थोडी उसंत, मग थोड्या वेगळ्या वळणाची दुसरी ओळ, असे ते चालते आणि मधूनच दुसऱ्या एखाद्या पक्ष्याची नक्कलही त्यात येऊन जाते. दुर्बिणीतून पाहिले तर ओळ सुरू होण्याआधी तो किंचित उंच होतो, गळ्याची पिसे फुलतात आणि मग चोच उघडते. उसंतीत तो गप्प बसतो असे वाटते, पण पलीकडच्या इमारतीवरून दुसरा दयाळ उत्तर देत असेल तर मान त्या दिशेला वळलेली दिसते. तो ऐकत असतो. गाणाऱ्या दयाळाची चित्रे पुष्कळ आहेत. ऐकणाऱ्या दयाळाची फार थोडी, आणि मला स्वतःला तीच अधिक आवडतात.

आता येथे थोडे गणित आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पक्षी ५० मीटर अंतरावर असेल तर त्याचा स्वर आपल्या कानावर पडेपर्यंत सेकंदाचा जवळजवळ सातवा भाग उलटलेला असतो. ऐकल्यावर बोट हलायला आणखी सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. दोन्ही मिळून सेकंदाचा एक तृतीयांश भाग झाला, आणि तेवढ्यात चोच उघडून मिटलेलीही असू शकते. स्वर ऐकून बटण दाबणाऱ्याच्या पदरी मिटलेल्या चोचीची चित्रे पडतात ती यामुळे. त्यावर सेकंदाला वीस-तीस चित्रे घेणारा कॅमेरा हा एक उपाय आहे, पण घरी येऊन शेकडो सारखी चित्रे चाळत बसण्यात कसला आनंद? दुसरा उपाय असा की पहिली दहा मिनिटे कॅमेऱ्याला हातच लावू नये आणि ओळ किती लांबते, उसंत किती असते याचा अंदाज कानात बसू द्यावा. ख्यालाच्या मैफलीत जाणकार श्रोत्याची मान समेच्या आधीच तयार असते, तसे हे आहे. ओळ येणार हे कळले की बोट आपोआप वेळेवर पडते.

चोच उघडी असली म्हणजेच पक्षी गातो आहे, हा समज मात्र तांबट मोडून काढतो. कपाळ आणि छातीचा पट्टा लाल, गळा पिवळा, लांबी जेमतेम १७ सेंटिमीटर. सकाळच्या उन्हात पिंपळाच्या किंवा उंबराच्या उघड्या फांदीवर बसून हा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा ‘टुक’ म्हणतो आणि तेही चोच मिटून. प्रत्येक ठोक्याला गळा फुग्यासारखा फुगतो आणि बसतो. मान एका बाजूकडून दुसरीकडे फिरत असल्यामुळे आवाज कधी जवळून, कधी लांबून आल्यासारखा वाटतो, आणि नवख्या माणसाला तर झाडावर दोन-तीन तांबट आहेत असेच वाटते. हे मिटल्या चोचीने कसे साधते, हे समजण्यासाठी पक्ष्याचे शरीर थोडे पाहावे लागते. आपला स्वरयंत्राचा भाग गळ्यात वर असतो. पक्ष्यांमध्ये आवाज निर्माण करणारे इंद्रिय, ज्याला सिरिंक्स म्हणतात, ते श्वासनळीच्या तळाशी, ती दोन फुप्फुसांकडे दुभंगते तिथे असते. अनेक गायक पक्ष्यांना या इंद्रियाच्या डाव्या-उजव्या बाजू स्वतंत्रपणे वापरता येतात, म्हणजे एकाच वेळी दोन स्वर काढता येतात. म्हणजे गाणे छातीत तयार होते. चोच आणि गळा त्याला केवळ घाट देतात.

याचा छायाचित्रकाराला उपयोग असा की गाणे पाहण्याच्या जागा त्याला कळतात. शिंपी पक्ष्याचेच उदाहरण घ्या. एवढासा जीव, पण आवाज असा की तळमजल्यावरच्या तगरीतून तिसऱ्या मजल्यावर ऐकू यावा. तो एरवी पाहिला तर हिरवट पाठ, तांबूस माथा आणि मळकट पांढरे पोट एवढेच दिसते; पण तो ओरडू लागला की गळा ताणला जातो आणि मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांखाली लपलेली काळसर त्वचा पट्ट्यासारखी उघडी पडते. गप्प बसला की पट्टा गायब. हे नुसत्या डोळ्याला क्षणभर दिसते आणि निसटते. छायाचित्रात ते थांबते आणि मग पुढच्या वेळी डोळ्यालाही दिसू लागते. कोकीळ याच्या उलट. त्याच्या ‘कुहू’ने उन्हाळाभर मुंबई भरलेली असते, स्वर चढत चढत जाऊन अचानक तुटतो, पण तो स्वतः आंब्याच्या दाट पानांत बसतो आणि हाती लागतो तो फार तर एक लाल डोळा.

उपकरणांबद्दल मी फारसे बोलणार नाही, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. गाणारा पक्षी एका जागी बसलेला असतो, ही मोठी सोय आहे. उडत्या पक्ष्यासाठी लागणारा शटरचा वेग इथे लागत नाही. १/५०० सेकंद पुरतो, आणि आधार असेल तर १/२५० सुद्धा, त्यामुळे पहाटेच्या मंद उजेडातही काम निभावते. पाठीमागे आकाश असेल तर एक्स्पोजर एखाद्या स्टॉपने वाढवावे, म्हणजे कॅमेऱ्यात दुप्पट प्रकाश येऊ द्यावा, नाही तर दयाळाचा नुसता काळा आकार उरतो. कॅमेऱ्यात आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर ते वापरावे; मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू असताना शेजारी खटखट नको.

तसे पाहिले तर पक्ष्यांचे ध्वनिमुद्रण आणि छायाचित्रण या दोन छंदांचा जन्म जवळपास एकाच काळातला आहे. लुडविग कोख नावाच्या आठ वर्षांच्या जर्मन मुलाने १८८९ साली फ्रँकफुर्टमध्ये, एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर, घरातल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे गाणे मुद्रित केले. पक्ष्याच्या गाण्याचे ज्ञात असलेले ते पहिले ध्वनिमुद्रण. तो पक्षी होता शामा, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या जंगलांतही राहणारा, दयाळाचा जवळचा नातलग. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९२ मध्ये, इंग्लंडमधल्या किअर्टन बंधूंनी घरट्यातल्या अंड्यांचे छायाचित्र घेतले आणि पुढे पक्ष्यांजवळ जाता यावे म्हणून पोकळ बैलाचे सोंग बनवून त्यात बसण्यापर्यंत त्यांची मजल गेली. आपल्याकडे कोणी आरे कॉलनीत म्हशीचे सोंग घेऊन बसल्याचे मी ऐकलेले नाही.

शहराच्या गोंगाटाकडे वळू. वाहनांचा घरघराट मुख्यतः खालच्या पट्टीत असतो. नेदरलँड्समधल्या लायडेन शहरात ‘ग्रेट टिट’ या छोट्या पक्ष्यावर केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. गोंगाटाच्या भागात राहणारे नर अधिक वरच्या पट्टीत गातात, असे त्यात आढळले. २०२० च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या चिमणीसारखा एक पक्षी गोंगाट ओसरल्यावर हळू आवाजात गाऊ लागला, आणि तरीही त्याचे गाणे पूर्वीपेक्षा लांबवर पोहोचू लागले, हेही संशोधकांनी मोजून दाखवले. मुंबईत याचा अनुभव घ्यायचा असेल तर महामार्गालगत उभे राहा. भारद्वाजाचा घुमणारा ‘हूप-हूप’ तिथे बुडून जातो, शिंप्याचा टोकदार आवाज मात्र वर तरंगतो. म्हणून भारद्वाज ऐकायचा तर रविवारची पहाट आणि आतली जागा हवी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता, भायखळ्याची राणीची बाग, आणि धारावीलगत मिठी नदीच्या काठी एकेकाळच्या कचराभूमीवर उभे राहिलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान या जागा मी सुचवीन. शेवटच्या जागेत तर झाडांच्या भिंतीमुळे सायनकडची वाहतूक आश्चर्य वाटावे इतकी मागे पडते.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. अलीकडे आपण जी छायाचित्रे पाहतो त्यांत बहुधा चौकटभर पक्षी असतो आणि मागे हिरवा किंवा तपकिरी धूसर पडदा. पिसन् पिस मोजता येते, पण पक्षी कुठे आहे हे कळत नाही. गाणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत हा दोष मला मोठा वाटतो. गाणे हा एका जागेवरचा हक्क आहे. ‘इथपासून तिथपर्यंतचे माझे’ असे तो सांगत असतो आणि ती जागाच चित्रातून पुसून टाकली तर गाण्याचा अर्थच उरत नाही. दयाळ अँटेनावर बसला असेल तर अँटेना दिसू द्या, मागची इमारत दिसू द्या, तिच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडेही दिसू द्या. पक्षी चौकटीत अंगठ्याएवढा राहिला तरी चालेल. एकाच दयाळाच्या गाण्याच्या जागा निरनिराळ्या दिवशी टिपत गेलात तर त्याच्या हद्दीचा नकाशाच हाती येतो, आणि त्यासाठी लाखोंची लेन्स लागत नाही, साधी ३०० मिलिमीटरची पुरते.

काही गाणी अशीही आहेत की तिथे पक्ष्याचा नाद सोडावा. पावसाळ्यात राष्ट्रीय उद्यानातले ओढे वाहू लागले की शीळकरी कस्तूर गाऊ लागतो. रमतगमत चाललेल्या माणसाने सुचेल तशी शीळ घालावी, असे त्याचे गाणे. तो पहाटेच्या अंधारात गातो, वरती ढग असतात, झाडांचे छत्र दाट असते आणि पक्षी गर्द निळा-काळा. तिथे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदना, कितीही वाढवला तरी हाती लागतात ते चित्रावरचे नुसते दाणे. अशा वेळी तिपाई उभी करावी, शटर अर्धा-एक सेकंद उघडे ठेवावे आणि ओढ्याचे, ओल्या खडकांचे चित्र घ्यावे. गाणे तिथलेच असते.

मोबाइलवर नराचे गाणे वाजवून पक्षी जवळ बोलावण्याची पद्धत आपल्याकडे फार बोकाळली आहे, म्हणून त्याविषयी स्पष्ट बोलतो. पावसाच्या तोंडावर आलेला नवरंग सकाळ-संध्याकाळ शीळ घालतो, तेव्हा तो जागा पक्की करत असतो. स्पीकरवरचा आवाज त्याला प्रतिस्पर्धी वाटतो. तो खाणे सोडून, लपणे सोडून, नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. एक गट गेला की दुसरा येतो आणि तेच पुन्हा. ज्या गाण्याच्या आनंदासाठी आपण तिथे गेलो, तेच गाणे त्याच्याविरुद्ध वापरण्याचा हा प्रकार मला असभ्य वाटतो. मर्लिनसारखे ॲप आवाज ओळखायला जरूर वापरा, पण आपल्या मोबाइलने ऐकावे, बोलू नये.

शेवटी नोंदींबद्दल. ध्वनिमुद्रण करताना तारीख, वेळ आणि जागा मुद्रणाच्या शेवटी, पक्षी गप्प झाल्यावर, स्वतःच्या आवाजात सांगून ठेवा. सुरुवातीलाच बोललात तर पहिली ओळ हातची जाते. चित्राच्या आणि मुद्रणाच्या फाइलला एकच नाव द्या, म्हणजे दोन्ही एकमेकांपासून तुटणार नाहीत. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरत असाल तर तिथे छायाचित्र आणि आवाज दोन्ही जोडता येतात, आणि विणीच्या खुणांमध्ये गाणाऱ्या पक्ष्यासाठी वेगळी खूण आहे. आपले छायाचित्रकार संख्या भरतात, चित्र चढवतात आणि ही खूण रिकामी सोडतात. वास्तविक एखादी जात मुंबईच्या कोणत्या कोपऱ्यात वीण करत असावी, याचा पहिला धागा अभ्यासकांना तिथेच मिळतो.