सावल्यांवरून नाव पडलेली देवळं

सकाळचे सहा वाजलेत आणि हाताची बोटं पार गारठलीत. इंडोनेशियातलं जावा बेट म्हटलं की उकाडा डोळ्यासमोर येतो, पण दिएंगचं हे पठार जवळजवळ 2000 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे धुकं, बटाट्याची शेतं, आणि मधूनच वाऱ्याबरोबर गंधकाचा वास. धुक्यातून देवळं दिसायला लागतात, छोटी छोटी, काळ्या दगडाची. पाटी वाचली, चंडी अर्जुन. चंडी म्हणजे इकडे जुनं देऊळ. त्याच रांगेत सुभद्रा, पुंतादेवा म्हणजे धर्मराज, आणि श्रीकांडी, म्हणजे आपला शिखंडी, फक्त जावात ती धनुष्य चालवणारी बाई आहे आणि अर्जुनाची बायको आहे! भीमाचं देऊळ जरा लांब, एकटंच. मी इतकी हरखले, वाटलं पांडवांची देवळं बांधली की काय या लोकांनी.

तर तसं नाहीये. ही शंकराची देवळं, सातव्या-आठव्या शतकाच्या आसपासची, मूळ नावं कधीच विसरली गेली आणि मग पुष्कळ काळानंतर लोकांनी त्यांना वायांगमधली, म्हणजे इथल्या सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळातली, नावं दिली. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो ना, तसंच. आणि याची खूण बघा, अर्जुनाच्या बरोब्बर समोर चंडी सेमार. सेमार आपल्या महाभारतात कुठेच नाही. तो जावाचा, ढेरपोट्या म्हातारा, पांडवांचा नोकर, पण खरं तर देव, बतारा गुरूचा म्हणजे शंकराचा मोठा भाऊ. थट्टामस्करी करता करता अर्जुनालासुद्धा चार शब्द सुनावतो.

त्याला भेटायचं तर रात्र जागायला हवी.

योग्यकार्ताजवळच्या एका गावात साधारण नऊला वायांग कुलित सुरू झालं. कुलित म्हणजे कातडं. म्हशीच्या कातड्यात नक्षी कोरलेल्या या बाहुल्या, दांड्या शिंगाच्या, आणि उभ्या करायला खाली केळीचं खोड आडवं टाकलेलं. पडद्यामागे दालांग, म्हणजे बाहुल्या नाचवणारा, मांडी घालून बसतो तो पहाटेपर्यंत उठत नाही, सगळ्यांचे आवाज एकटा काढतो, गातो, गामेलान म्हणजे इथला वाद्यवृंद, तो वाजवणाऱ्यांना इशारे देतो, लाकडी ठोकळ्याने शेजारच्या पेटीवर ठकठक करतो आणि पायाने धातूच्या पट्ट्या वाजवतो. मी त्याच्या पायाकडेच बघत बसले होते कितीतरी वेळ. मध्यरात्रीनंतर सेमार आणि त्याची पोरं आली, गारेंग, पेत्रुक, बागोंग, आणि पेंगुळलेलं गाव खदाखदा हसायला लागलं. बघणारे जवळजवळ सगळे मुसलमान, आणि भीम, घटोत्कच त्यांच्या घरचे! धर्मराजाच्या शस्त्राचं नाव कालिमासादा, त्यात लोकांना कलमा ऐकू येतो. मला हे फार फार आवडलं.

आपल्याकडेही पिंगुळीचे ठाकर चामड्याच्या बाहुल्या नाचवून रामायण सांगतात. मी ते एकदाही जाऊन बघितलं नाही, आणि त्या रात्री हे खूप लागलं मनाला.

दुसऱ्या दिवशी प्रंबानान. नवव्या शतकातलं, मधलं शिवाचं देऊळ 47 मीटर उंच, मान मागे टाकूनही कळस नीट दिसत नाही. कठड्याच्या आतल्या बाजूने रामायण कोरलंय, प्रदक्षिणा घालत वाचायचं, सेतू बांधून वानरसेना पलीकडे जाते तिथे ते थांबतं आणि पुढचं शेजारच्या ब्रह्मदेवाच्या देवळावर. इथली माणसं भरीव, हाडामांसाची वाटतात. पण पूर्व जावात पनातारानला गेलात तर 14व्या शतकातलं रामायण आहे, आणि तिथे हनुमान बाहुलीसारखा दिसतो, सपाट, अंगभर नक्षी, जणू पडद्यावरून उचलून दगडावर ठेवलाय. म्हणजे सावली दगडात उतरली, आणि दिएंगला तर दगडाला नावच तिने दिलं.

त्या रात्रीचा शेवट दाखवते. पहाट झालीये, दालांगने डोंगराच्या आकाराचं गुनुंगान पडद्याच्या मधोमध रोवलं, म्हणजे खेळ संपला. कोणीतरी माझ्या हातात गोड चहाचा ग्लास दिला. दिवा विझला, आणि रात्रभर जिच्यावर ठकठक चालली होती त्याच पेटीत आता अर्जुन, भीम, सेमार एकावर एक निजवले जातायत.