वॉरंट निघालेल्या माणसाची परतीची वाट

नमस्कार श्रोतेहो.

मारामारीच्या गुन्ह्यात जामिनावर सुटलेला एखादा पोरगा दोन तारखांना हजर राहतो, तिसरी चुकवतो आणि भीतीपोटी मुंबईच सोडतो. बारा वर्षांनी त्याची मुलं शाळेत जात असतात, पण गल्लीत पोलिसांची गाडी थांबली की घास घशात अडकतो. उपास, नवस, दानधर्म सगळं करून झालेलं असतं. राहिलेलं असतं ते एकच, कोर्टात हजर होणं.

"एवढ्या वर्षांत केस संपली असेल," असं पुष्कळांना वाटतं. नाही संपत. किरकोळ गुन्ह्यांना मुदत असते, पण ती कोर्टाने दखल घेण्यापुरती, म्हणजे खटला हाती घेण्यापुरती. दखल घेऊन झाली की तो मुद्दा मिटला. आरोपी सापडत नाही म्हणून फाइल डॉर्मंटमध्ये टाकतात. ती झोपलेली असते, मेलेली नसते. गैरहजेरीमुळे निघालेलं अजामीनपात्र वॉरंटही बजावलं किंवा रद्द केलं जाईपर्यंत जिवंत राहतं. त्यापुढे कोर्टाचा जाहीर हुकूम, म्हणजे जाहीरनामा निघतो, त्यात हजर व्हायला किमान ३० दिवस मिळतात. तेही चुकवले तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि हजर न होणं हाच वेगळा गुन्हा ठरून ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गंभीर गुन्ह्यात फरारी म्हणून घोषित झालेल्याला ७ वर्षांपर्यंत.

दरम्यान जामीनदाराचं काय होतं? वाल्या कोळ्याच्या घरच्यांनी पापाचा वाटा सरळ नाकारला होता. जामीनदाराला ती सोय नाही. आरोपी पळाला की जामीनदाराने लिहून दिलेलं हमीपत्र जप्त होतं आणि रकमेची नोटीस त्याच्या दारात येते. बहुधा तो मामा किंवा चाळीतला शेजारी असतो. प्रायश्चित्ताची भाषा करणाऱ्याने हा हिशेब आधी पाहावा.

आता परतायचं कसं. वॉरंट कोणत्या कोर्टाचं, हे आधी शोधा: किल्ला कोर्ट, भोईवाडा, कुर्ला, अंधेरी, बोरिवली की आणखी कुठलं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं, पण नावाचं स्पेलिंग एका अक्षराने चुकलं तरी केस दिसत नाही. तेव्हा पोलीस ठाण्याचं नाव, गुन्हा नोंद क्रमांक आणि वर्ष वकिलाला द्या. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे.

मग त्याच कोर्टात स्वतः हजर व्हायचं, सोबत वॉरंट रद्द करण्याचा अर्ज आणि नवा जामीन अर्ज. शुक्रवारी दुपारी जाऊ नका; अर्जावर सुनावणी राहिली तर शनिवार-रविवार कोठडीत जाण्याची शक्यता. आठवड्याच्या सुरुवातीला, कोर्ट बसण्याआधी पोहोचलेलं बरं. आधार कार्ड, फोटो, जुन्या जामिनाची पावती आणि नवा जामीनदार त्याच्या कागदपत्रांसह हवा. गैरहजेरीचं कारण खरं लिहा. मागच्या तारखेचं खोटं वैद्यकीय प्रमाणपत्र जोडणं म्हणजे जुन्या गुन्ह्याच्या डोक्यावर नवा गुन्हा. स्वतःहून आलेल्याकडे कोर्ट जरा वेगळ्या नजरेने पाहतं, पण जामीन मिळेलच असं नाही. एकदा पळालेला पुन्हा पळेल, ही सरकारी वकिलाची हरकत ठरलेली. तिला उत्तर म्हणून पक्का पत्ता आणि नोकरीचा पुरावा ठेवा.

गुन्हा कबूल करायचा असेल तर? पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. मॅजिस्ट्रेटपुढे देता येतो, पण तो देण्याचं बंधन नाही आणि तो तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो, हे त्यांनी आधी सांगावंच लागतं. वकिलाशी बोलल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

आणि ज्याला मारलं त्याच्या घरी पेढे घेऊन माफी मागायला परस्पर जाऊ नका. मनात काहीही असो, बाहेरून ते साक्षीदारावर दबाव आणल्यासारखं दिसतं, आणि त्यावरून मिळालेला जामीनही जाऊ शकतो. साध्या दुखापतीसारख्या काही गुन्ह्यांत तडजोड होते. ती दोन्ही वकिलांमार्फत, कोर्टासमोर. भरपाईची रक्कमही तिथेच जमा करा आणि पावती घ्या.

रोजच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी त्या दिवशी खिशात असू द्या. आत जावं लागलं तर तुरुंगातल्या डॉक्टरांना दाखवायला तीच लागते.