मुदतवाढीवर चालणारी सेवा

मागच्यांना ऐकू येतंय ना? बरं. विषय दिलाय महापालिका आणि संस्थांना मिळणारा पैसा, पण सगळ्या संस्था घेत बसले तर इथेच रात्र होईल, म्हणून एकच धरते, आपल्या पुण्यातली 'स्वच्छ'. तुमच्या दारात सकाळी बकेट घेऊन येणाऱ्या ताई तिच्याच. ती कुणा शेठची कंपनी नाही, कचरा वेचणाऱ्यांच्या मालकीची सहकारी संस्था आहे.

हे काही एका रात्रीत झालं नाही. 1993 ला बाबा आढावांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, म्हणजे कचरा वेचणाऱ्यांची संघटना, उभी राहिली, मग 1995-96 च्या सुमाराला पालिकेनं या बायकांची ओळखपत्रं मान्य केली, म्हणजे उकिरड्यावर दिसली की चोर समजून हाकलायचं, ते जरा कमी झालं. 2002-03 ला पालिकेनं आरोग्य विमा दिला. आणि 2008 ला 'स्वच्छ'शी दारोदार कचरा गोळा करायचा पाच वर्षांचा करार. देशात त्या वेळी असं कुठल्या पालिकेनं फारसं केलेलं नव्हतं, हे श्रेय द्यायलाच पाहिजे, उगाच शिव्या घालायला मी आलेली नाही.

आता लोकांना वाटतं की पालिका यांना पगार देते. नाही हो! पैसे तुम्ही देता, घरटी दर महिन्याला, थेट त्यांच्या हातात. वर सुका कचरा निवडून भंगारात विकतात ते. पालिकेकडून काय यायचं, तर ढकलगाड्या, बकेट, हातमोजे, साबण, निवडायला जागा आणि ऑफिस चालवायला थोडा खर्च. म्हणजे याला अनुदान म्हणणंच चुकीचं आहे, उलट जो सुका माल भंगारात जातो त्याची वाहतूक आणि कचरा डेपोवरची जागा पालिकेची वाचते, पण हे अंदाजपत्रकात कुठल्या रकान्यात दिसणार? खर्च तेवढा दिसतो.

तर 2013 ला करार संपला, नवा व्हायला 2016 उजाडलं, तोही 2020 च्या शेवटी संपला आणि मग परत थोड्याथोड्या महिन्यांची मुदतवाढ. आपल्याकडे पद्धत माहितीये ना, प्रशासन प्रस्ताव पाठवतं, स्थायी समितीत विषय पुढं ढकलला जातो, मुख्य सभा तहकूब होते. कुणी नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही. मार्च 2022 नंतर नगरसेवकच नव्हते, सगळं प्रशासकाकडे, तेव्हा तर विचारायचं कुणाला हाच प्रश्न. दर महिन्याला 'पुढचं बघू' म्हणणाऱ्या घरमालकाकडे भाडेकरू भिंतीला खिळासुद्धा ठोकत नाही, तसंच झालं हे.

आणि याचा फटका कुठं बसतो बघा. करारच दोन-चार महिन्यांचा असेल तर वर्षभराच्या हातमोज्यांची खरेदी कोण काढणार? हातमोजे नाहीत म्हणजे फुटलेली ट्यूबलाईट, ब्लेड, वापरलेली सॅनिटरी पॅड सगळं उघड्या हातानं. त्यासाठी 'स्वच्छ'नं लाल ठिपक्याची मोहीम काढली, पॅड किंवा डायपर कागदात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे पुडी उघडावी लागत नाही. एवढं साधं! पण इथं बसलेल्यांपैकी किती घरांत ठिपका काढतात, हात वर करा बघू... हं, दिसलं. म्हणजे सगळं पालिकेवर ढकलून चालणार नाही, पण हातमोजे मात्र पालिकेनंच द्यायचे, तिथं सूट नाही.

2016 च्या केंद्राच्या घनकचरा नियमात स्पष्ट लिहिलं होतं की कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या. मग ठेकेदाराला वर्षानुवर्षांचा करार आणि बायकांच्या संस्थेला महिन्यांचा, हे मला तरी कळलं नाही.

काय करता येईल? क्षेत्रीय कार्यालयात जाल तेव्हा 'कचरा उचलत नाहीत' एवढीच तक्रार देऊन परत येऊ नका, हातमोजे शेवटचे कधी वाटले ते लेखी मागा. शिवाय पुण्यात 2006-07 पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात, पाच लाखांपर्यंतची. दरवर्षी बाक आणि फुटपाथच का सुचवतो आपण? कचरा निवडायच्या जागेवर पत्रा, नळ आणि दिवा, एवढं टाका ना अर्जात. अर्ज कधी मागवणार ते तिथंच विचारून ठेवा, नंतर मुदत संपली म्हणून परत पाठवतात. हां, तुमचा प्रश्न होता ना मघापासून, बोला.